गार अंगाचा आर्माडिलो

थर्मामीटरने ३४ अंश सेल्सिअस दाखवलं तर मुंबईतला कुठलाही डॉक्टर आधी थर्मामीटर झटकून बघेल, आणि पुन्हा तेवढंच आलं तर पेशंटला ॲडमिट करून घेईल. आर्माडिलोचं मात्र हे रोजचं तापमान. ३३ ते ३५ अंशांच्या मध्ये कुठेतरी. मे महिन्याच्या दुपारी दादरच्या फलाटावर हवा जेवढी तापते, जवळपास तेवढंच या प्राण्याचं रक्त.

आर्माडिलो म्हटलं की लोकांना चिलखत आठवतं. गोळा होऊन बसलेला प्राणी, फुटबॉल वर्ल्ड कपचं शुभंकर वगैरे. ते सगळं मजेचं आहेच. पण हा प्राणी समजून घ्यायचा तर चिलखत थोडं बाजूला ठेवून या गारव्यापासून सुरुवात करावी. तो काय खातो, कुठे राहू शकतो, थंडीत का मरतो, याची बरीचशी उत्तरं तिथे सापडतात. आणि परळ-वडाळ्याशी त्याचं जे लांबचं नातं जुळलं, तेही याच गारव्यामुळे.

आधी एक गोंधळ मिटवू. कोकणात कुणाच्या बागेत खवले मांजर निघालं की त्याचा व्हिडिओ ‘आर्माडिलो सापडला’ म्हणून फिरतो. आर्माडिलो आपल्याकडे नाही. आशियातच नाही. त्याच्या विसेक जाती आहेत आणि सगळ्या अमेरिका खंडांतल्या, बहुतेक दक्षिणेतल्या. खवले मांजराचे खवले म्हणजे केराटिन, आपली नखं ज्याची बनतात तोच पदार्थ, आणि त्यांच्यात हाड अजिबात नसतं. आर्माडिलोच्या कवचात मात्र खरंखुरं हाड असतं, कातडीतच तयार झालेलं, आणि त्यावर केराटिनचा पातळ थर. खवले मांजराला एकही दात नाही. आर्माडिलोला दात आहेत, पण खुंट्यांसारखे, वर चकाकणारं एनॅमल नसलेले. नऊपट्टी आर्माडिलोला तीसेक, तर महाकाय आर्माडिलोला ८० ते १००.

नात्याने तर दोघे एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. आर्माडिलोचे भाऊबंद म्हणजे झाडाला उलटे लोंबकळणारे स्लॉथ आणि दक्षिण अमेरिकेतले मुंगीखाऊ. खवले मांजराचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे वाघ, कुत्रा, मांजर यांचा मांसभक्षी गट. म्हणजे कोकणात ज्या कुणी या प्राण्याला पहिल्यांदा ‘मांजर’ म्हटलं, त्याचा नेम नकळत का होईना, बराच जवळ बसला.

मग दोघे इतके सारखे का दिसतात? धंदा एक, म्हणून दुकानाची मांडणी एक. जमीन उकरायची, मुंग्या-वाळवी-अळ्या शोधायच्या, चिकट जिभेने उचलायच्या. हा धंदा तसा तोट्यातला. मुंगीत खाण्याजोगं थोडं, वरचं कवच पचायला जड, शिवाय प्रत्येक घासाबरोबर माती पोटात जाते. अशा कमाईवर मोठी चूल पेटती ठेवणं परवडत नाही. म्हणून या प्राण्यांनी चूलच मंद केली. आर्माडिलोचं शरीर विश्रांतीत जेवढी ऊर्जा जाळतं, ती तेवढ्याच वजनाच्या इतर सस्तन प्राण्यांच्या मानाने निम्म्याच्या आसपास असते. खवले मांजराचं अंगही असंच गार. मंद चुलीचा आणखी एक फायदा बिळात दिसतो. कोंदट बिळात जोर लावून खोदताना अंगातली उष्णता बाहेर पडायला वाव नसतो, तेव्हा मुळातच कमी उष्णता तयार होणं सोयीचं.

तोटा थंडीत कळतो. आर्माडिलोच्या पोटाखाली विरळ केस, पाठीवर हाडाच्या चकत्या. ऊब धरून ठेवायला यातलं काहीच उपयोगाचं नाही. तो शीतनिद्रेत जात नाही आणि खाण्याचा साठाही करत नाही. जमीन काही दिवस सलग गोठून राहिली की किडे खोल जातात, नाक काम करेनासं होतं आणि तो उपासमारीने नाहीतर गारठ्याने मरतो. त्यामुळे उन्हाळ्यात रात्री फिरणारा हा प्राणी हिवाळ्यात वेळापत्रक बदलतो आणि दुपारच्या उन्हात बाहेर पडतो. नऊपट्टी आर्माडिलो १८५० च्या सुमारास रिओ ग्रांदे ओलांडून टेक्ससमध्ये शिरला आणि आता नेब्रास्का, इंडियानापर्यंत पोचलाय. हिवाळे सौम्य होत गेले तशी त्याची हद्द वर सरकतेय.

आता कवच जरा जवळून बघू. नऊपट्टीच्या खांद्यावर एक अखंड ढाल, कमरेवर दुसरी, आणि मधे पट्टे. प्रत्येक पट्टा म्हणजे हाडाच्या लांबट चौकोनी तुकड्यांची एक ओळ. वरून केराटिनचे त्रिकोणी खवले असे बसवलेले, की एका तुकड्याचा सांधा दुसऱ्या थराखाली झाकला जातो. गवंडी विटांचे सांधे एकाखाली एक येऊ देत नाही, तशातला प्रकार. दोन पट्ट्यांच्या मधे मऊ कातडीची घडी असते, पेटीच्या भात्यासारखी, आणि तिच्यामुळेच पाठ वाकते. ‘नऊपट्टी’ हे नाव मोजदाद करून ठेवलेलं नाही. सात ते अकरा पट्टे सापडतात, आठ-नऊ नेहमीचे. कानांवर कवच नाही, पोटावर नाही. तेवढाच भाग मऊ, आणि कुत्रा पकडायला जातो तोही तेवढाच.

हा नऊपट्टी गोळा होत नाही. ही सर्वांत जास्त पसरलेली चूक. पूर्ण चेंडू होणं फक्त तीनपट्टीच्या दोन जातींना जमतं. त्यांच्या डोक्यावरची ढाल आणि शेपटीची ढाल शेजारीशेजारी अशा बसतात, की डबीला झाकण लागावं. गंमत म्हणजे हे चेंडूवाले स्वतः फारसं बीळ खोदत नाहीत, दुसऱ्याच्या रिकाम्या बिळात शिरतात. त्यांच्यातलाच ब्राझीलचा एक २०१४ च्या वर्ल्ड कपचा शुभंकर फुलेको झाला. नऊपट्टीची तऱ्हा वेगळी. तो काट्याकुट्यांच्या झुडपात घुसतो, कारण तिथे त्याचं कवच चालतं आणि मागून येणाऱ्याचं नाक सोलून निघतं. बीळ जवळ असेल तर आत जाऊन पाठ फुगवून पाय रोवतो. मग शेपूट हातात आली तरी तो बाहेर येत नाही.

चटकन काही अंगावर आलं तर तो सरळ वर उडी मारतो, तीन-चार फूट. शिकारी जनावर दचकतं आणि त्याला पळायला दोन क्षण मिळतात. पण मोटारगाडी दचकत नाही. गाडी वरून निघून गेली असती, चाकंही बाजूने गेली असती, पण हा नेमका त्याच वेळी उडतो आणि गाडीच्या पोटावर आपटतो. टेक्ससच्या हायवेवर पडलेल्या आर्माडिलोंमागे हे कारण मोठं आहे. लाखो वर्षं उपयोगी पडलेली सवय डांबरी रस्त्यावर जिवावर बेतते.

खोदण्याची त्याची पद्धत बघण्यासारखी. चालताना नाक जमिनीला टेकलेलं, वाकडीतिकडी रेघ, सोबत हलकं घुरघुरणं. जमिनीखाली वीतभर खोल असलेली अळीही त्याला वासाने कळते. मग पुढच्या नख्यांनी माती उकरायची, लांबुडकं तोंड आत खुपसायचं. माती नाकात जाऊ नये म्हणून तो त्या वेळी श्वास धरतो आणि सहा मिनिटांपर्यंत धरू शकतो. मागे उरतो तो शंकूच्या आकाराचा, दोन-तीन इंच खोल खड्डा. असे रात्रीत डझनावारी. हीच श्वास धरण्याची हातोटी पाण्यात कामी येते. छोटा ओढा असेल तर तो तळावरून चालत पलीकडे जातो. कवचाच्या वजनाने तो तसाही बुडतो. रुंद पाणी असेल तर हवा गिळून पोट आणि आतडी फुगवतो आणि पोहत जातो.

राहायचं बीळ वेगळं. तोंड साधारण २० सेंटीमीटर रुंद, लांबी मीटरभरापासून चार-पाच मीटरपर्यंत, बहुधा एखाद्या मुळाखाली किंवा झुडपाच्या आडोशाला. आत गवत-पानांची गादी. ती नेण्याची रीत अशी, की वाळलेली पानं पोटाखाली ओढायची, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधे त्यांची मोळी धरायची आणि मग उलट्या पावलांनी उड्या मारत बिळात शिरायचं. कवचवाला एवढा गंभीर चेहऱ्याचा प्राणी हे करताना अगदी बिऱ्हाड हलवणाऱ्यासारखा दिसतो. दिवसातले सोळाएक तास तो याच गादीवर झोपतो.

तिकडच्या बंगलेवाल्यांना मात्र त्याचं कौतुक नाही. हिरवळीखालच्या हुमणीसाठी तो येतो आणि सकाळी लॉन देवीच्या व्रणांसारखं दिसतं. मग लोक डांबरगोळ्या टाकतात. त्याने फरक पडत नाही. विषारी दाणे टाकतात. तो दाणे खातच नाही, खातात पक्षी. पिंजऱ्यात केळं ठेवतात. तेही बहुतेक फुकट, कारण याला हलणारा किडा हवा असतो. उपयोगी पडते ती त्याचीच एक सवय. तो भिंतीच्या, कुंपणाच्या कडेकडेने चालतो आणि डोळ्यांनी अधू असतो. म्हणून जाणकार पिंजरा त्याच्या वाटेवर, भिंतीला लागून ठेवतात आणि तोंडाशी दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट लांबीच्या आडव्या फळ्या नरसाळ्यासारख्या लावतात. तो फळीला घासत घासत आपणहून आत जातो. आमिषाची गरज पडत नाही. कुंपण घालायचं तर जमिनीवर दोन फूट पुरतं, पण खाली किमान एक ते दीड फूट गाडावं लागतं. वरवरचं कुंपण घातलं तर दुसऱ्या रात्री खालून भोक.

आता पिल्लं. नऊपट्टीची मादी जवळपास प्रत्येक वेळी चार पिल्लं देते आणि चारही एकाच लिंगाची. एकच अंडं फळतं आणि पुढे त्याचे चार गर्भ होतात. म्हणजे चार हुबेहूब जुळी, दरवर्षी, नेमाने. सस्तन प्राण्यांत हा नेम नऊपट्टी आणि त्याच्या जवळच्या भाऊबंदांखेरीज कुणाचा नाही. उन्हाळ्यात मीलन झालं तरी गर्भ लगेच गर्भाशयाला चिकटत नाही. तीन-चार महिने नुसताच थांबून राहतो, मग चार महिने वाढतो, आणि पिल्लं वसंतात येतात, जेव्हा किड्यांची ददात नसते. जन्मतः त्यांचं कवच चपलेच्या मऊ चामड्यासारखं असतं. हळूहळू त्यात हाड धरतं.

या चौळ्यांमुळेच एलिनॉर स्टॉर्स या जीवरसायनशास्त्रज्ञ आर्माडिलोकडे वळल्या. एकाच अंड्यातून आलेली चार पिल्लं आतून कितपत सारखी असतात, हे त्यांना मोजायचं होतं. १९६८ साली त्यांनी रॉजर विल्यम्स यांच्यासोबत दाखवलं, की अवयवांच्या वजनात आणि रसायनांच्या प्रमाणात चौघांत बऱ्यापैकी फरक असतो. जनुकं एक, तरी घडण एक नाही. आणि मग त्यांचं लक्ष त्या गार रक्ताकडे गेलं.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली पाहिला. माणसात रोग घडवणारे जे जंतू अगदी सुरुवातीला ओळखले गेले, त्यातला हा. पण पुढची गाडी अडली. हा जंतू कुठल्याच काचेच्या बशीत वाढेना. आपल्या आतड्यातला ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. याला दुप्पट व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. शिवाय याला ऊब सोसत नाही, ३३ अंशांच्या आसपासची किंवा त्याहून गार जागा आवडते. म्हणून माणसात तो कानाच्या पाळ्या, नाक, हातापायांची टोकं आणि त्यांच्याजवळच्या नसा धरतो. शरीराच्या गाभ्यात सहसा रमत नाही. १९६० साली शेपर्ड यांनी त्याला उंदराच्या तळपायात वाढवून दाखवलं, कारण उंदराचा तळपाय गार. पण उंदराच्या तळपायातून मिळून मिळून जंतू किती मिळणार?

ज्याचं सगळं शरीरच तळपायाएवढं गार आहे, असा प्राणी हवा होता. शिवाय रोग सावकाश वाढेपर्यंत जगेल असा, म्हणजे बरीच वर्षं आयुष्य असलेला. १९७१ साली किर्चहायमर आणि स्टॉर्स यांनी जाहीर केलं, की नऊपट्टी आर्माडिलोला कुष्ठरोग होतो, आणि होतो तो पुरता. टोचल्यापासून दीड-दोन वर्षांत यकृत आणि प्लीहा जंतूंनी भरून जातात. एका ग्रॅम ऊतीत अब्जावधी. जे शतकभर जगात कुणालाच जमलं नव्हतं, ते या प्राण्याच्या मंद चुलीने करून दिलं. मुंग्या-किड्यांवर भागवण्यासाठी केलेली काटकसर त्याला अशी भोवली.

याच काळात, आणि त्याआधीपासून, मुंबईत हा जंतू वेगळ्या वाटेने शोधला जात होता. वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० सालचं. बेघर रुग्णांसाठी ते काढणारे हॅरी ॲकवर्थ हे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर. मराठी पोवाडे जमवून छापणारे ॲकवर्थ तेच, हे अनेकांना माहीत नसतं. परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात १९५८ साली बापट, कमल रणदिवे आणि वसंत खानोलकर यांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतीतून एक जंतू बशीत वाढवला. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं ‘आयसीआरसी’. पुढे कळलं, की हा कुष्ठाचा जंतू नव्हे, त्याच कुळातला वेगळा. खरं तर तो बशीत वाढला यातच शंका घ्यायला जागा होती. पण त्याच्या अंगावरच्या काही खुणा कुष्ठाच्या जंतूशी जुळत होत्या. म्हणजे शरीराला याची ओळख करून दिली तर ते त्यालाही ओळखेल. यातून परळची लस तयार झाली. डॉ. एम. जी. देव यांनी ते काम पुढे नेलं. १९८२ साली रणदिव्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांच्या नावाची आठवण आज कर्करोगाच्या संदर्भात निघते, कुष्ठरोगाच्या संदर्भात क्वचितच. मला हे चुकीचं वाटतं.

तमिळनाडूत १९९० च्या दशकात या लशींची मोठी चाचणी झाली. दीड लाखाहून जास्त लोकांना टोचलं. एका गटाला परळच्या जंतूची लस. दुसऱ्याला बीसीजी आणि सोबत मारलेले कुष्ठजंतू, आणि हे कुष्ठजंतू आले होते आर्माडिलोच्या शरीरातून. बशीत वाढलेला एक आणि बिळात वाढलेल्या जनावरातला एक, असे दोघे एकाच मैदानात. १९९८ साली आकडे आले. परळची लस सुमारे ६५ टक्के संरक्षण देणारी, आर्माडिलोवाली सुमारे ६४. नुसतं बीसीजी ३४ च्या आसपास.

तोवर औषधांनी बाजी मारली होती. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन या गोळ्या सहा किंवा बारा महिने घेतल्या की रोग बरा होतो. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आजही भारतात सापडतात, तेव्हा अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, टाचणी टोचलेली कळत नाही असा चट्टा असेल तर मलमं बदलत बसू नये. आर्माडिलोपासून हा रोग लागण्याची भीती मुंबईकराला नाही. तिकडे मात्र ती खरी आहे. २०११ साली अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या रुग्णांत आणि रानातल्या आर्माडिलोंत जंतूचा एकच वाण सापडला. मूळ देणं मात्र माणसाचंच. हा जंतू युरोपातून गेलेल्या लोकांबरोबर त्या खंडात पोचला आणि तिथून बिळांत उतरला.

कुष्ठाच्या जंतूची पूर्ण जनुकीय मांडणी २००१ साली वाचली गेली. त्यासाठी निवडलेला वाण तमिळनाडूतल्या एका रुग्णाच्या कातडीतून घेतलेला आणि आर्माडिलोत वाढवलेला. मांडणीत निघालं, की या जंतूची बरीच जनुकं निकामी झालीत. १,६०० च्या आसपास चालू, तर हजाराहून जास्त मोडकळीला आलेली. दुसऱ्याच्या पेशीत राहून आयतं खायची सवय लागली आणि घरातली भांडी एकेक करून फुटली. बशीत तो का वाढत नाही, याचं उत्तर बहुधा यातच आहे.

बशी अजूनही सापडलेली नाही. त्यामुळे कुष्ठाचे जंतू मोठ्या प्रमाणावर हवे असतील तर आजही आर्माडिलोच लागतो. त्यात आणखी एक अडचण. नऊपट्टी कैदेत नीट वीत नाही. रानात दरवर्षी चार चार पिल्लं देणारी मादी पिंजऱ्यात अडून बसते. म्हणून प्रयोगशाळेची माणसं रात्री बॅटऱ्या आणि जाळी घेऊन रानात जातात, पाचोळ्यातली घुरघुर ऐकत उभी राहतात, आणि पकडून आणलेल्या प्रत्येक आर्माडिलोचं रक्त आधी तपासतात, की याला रानातच कुष्ठरोग झालेला नाही ना.